६१० वरून ४,१०२ : कॅम्प ग्रँटचे ३३६ तास

या घटनाक्रमातले तास उलटे मोजले आहेत. शून्य तास म्हणजे शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९१८ ची मध्यरात्र. ठिकाण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, रॉकफर्ड शहराबाहेर, रॉक नदीच्या काठची कॅम्प ग्रँट ही लष्करी छावणी. त्या दिवशी छावणीच्या रुग्णालयात पहिल्यांदाच एका दिवसात शंभरावर जवान इन्फ्लुएंझाने मरण पावले. आपल्याकडे जुनी माणसं याच साथीला ‘मानमोडी’ म्हणत.

२,७८४ तास आधी. सोमवार, १० जून, मुंबई.

सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल होतात. त्यांच्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. ताप मलेरियाचा नाही, एवढं डॉक्टरांना कळतं. पुढच्या दोन आठवड्यांत गोदी, कचेऱ्या आणि गिरण्यांमधली माणसं एकामागून एक अंथरूण धरतात. बहुतेक जण चार-पाच दिवसांत उठून बसतात. जुलैत साथ ओसरते. युरोपातल्या आघाड्यांवरही हेच घडलेलं असतं. तीन दिवसांचा ताप, अंगदुखी, मग बरं. ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द त्या उन्हाळ्यात फारसा कुणाला घाबरवत नाही. पुढच्या निर्णयांमागे या पहिल्या लाटेची आठवण आहे.

१,३२० तास आधी. शनिवार, १० ऑगस्ट.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कॅम्प ग्रँटच्या रुग्णालयातले डॉक्टर जोसेफ कॅप्स यांचा लेख छापून येतो. छावण्यांमधले श्वसनाचे रोग कसे रोखावेत, हा विषय. कॅप्स यांनी आपल्या वॉर्डांत तीन गोष्टी करून पाहिल्या आहेत. रुग्णाच्या तोंडा-नाकावर गॉझचा मास्क. दोन खाटांच्या मध्ये टांगलेली चादर. आणि गर्दी कमी. गोवर, स्कार्लेट फीव्हर यांसारखे रोग एका रुग्णाकडून शेजारच्या खाटेवर जाण्याचं प्रमाण त्यांच्या वॉर्डांत उतरलं आहे.

विल्यम वेल्च हे त्या काळातलं अमेरिकन वैद्यकातलं सर्वांत मोठं नाव. छावण्यांची पाहणी करताना कॅप्स यांचं काम त्यांच्या नजरेत भरलं होतं. देशातल्या डझनावारी छावण्यांपैकी श्वसनरोगांच्या साथीला तोंड द्यायला कोणती तयार होती, असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर ग्रँटचं नाव पहिल्या काहींत आलं असतं.

६४८ तास आधी. शनिवार, ७ सप्टेंबर. कॅम्प डेव्हन्स, मॅसॅच्युसेट्स.

ग्रँटपासून दूर पूर्वेला, बॉस्टनजवळच्या छावणीत एक जवान रुग्णालयात आणला जातो. अंगाला नुसता हात लावला तरी तो ओरडतो. निदान होतं मेनिंजायटिस. दुसऱ्या दिवशी त्याच्याच तुकडीतले डझनभर जवान येतात. त्यांच्याबाबतही संशय मेनिंजायटिसचाच.

निदान चुकलं होतं. वॉर्डात मास्क कुणाला, वेगळी खोली कुणाला, भेटीला कोण येऊ शकतं, हे सगळं निदानावरून ठरतं. डेव्हन्सला खरं नाव कळेपर्यंत रोग बराकींमध्ये पसरला होता.

३३६ तास आधी. शुक्रवार, २० सप्टेंबर. कॅम्प ग्रँट.

छावणीत चाळीस हजारांवर माणसं आहेत. बांधलेल्या बराकी इतक्यांना पुरत नाहीत, म्हणून उन्हाळाभर हजारो जवान तंबूंत राहिले. आता रात्री गारठू लागल्या आहेत. आदल्या वर्षीचा हिवाळा या भागात कमालीचा कडक गेला होता आणि तो सगळ्यांच्या लक्षात आहे.

छावणीचे प्रमुख कर्नल चार्ल्स हॅगाडॉर्न एका हुकुमावर सही करतात. लष्करी गरज म्हणून जवानांना दाटीवाटीने ठेवावं लागेल. बराकींची जी क्षमता ठरवून दिली आहे, तिच्यापेक्षा जास्त माणसं आत घ्यायला परवानगी आहे. प्रत्येक जवानामागे किती जागा हवी, याचा नियम लष्कराने स्वतःच केला होता, आणि तो केला होता श्वसनाचे रोग पसरू नयेत म्हणूनच.

हुकूम वेडेपणाचा नव्हता. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एका बाजूला थंडी होती, डोळ्यांना दिसणारी. दुसऱ्या बाजूला रोग होता, तोही अजून दुसऱ्या छावणीत. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा गर्दीला विरोध होता. पण छावणीचे डॉक्टर नावाजलेले होते, मास्क होते, चादरी होत्या. हॅगाडॉर्न यांनी आपल्या डॉक्टरांवर भरवसा ठेवला आणि त्यांचा सल्ला बाजूला ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच सहीत झाल्या.

तंबूंतली माणसं बराकींत आली. खाटा जवळ सरकल्या.

कोंडलेल्या हवेत हा रोग काय करतो, याचं मोजमाप साठ वर्षांनी हाती आलं. १९७७ मध्ये अलास्कात एका विमानाचं इंजिन बिघडलं. ५४ माणसं घेऊन ते सुमारे तीन तास जमिनीवर उभं राहिलं. त्या वेळात हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. आत एका प्रवाशाला फ्लू झाला होता. ७२ तासांत विमानातली ७२ टक्के माणसं आजारी पडली. जो जितका जास्त वेळ आत बसला, त्याचा धोका तितका जास्त निघाला. बराकीतला जवान तीन तासांसाठी आत जात नव्हता. तो तिथे झोपत होता.

हुकुमावर सही झाली त्या वेळी ग्रँटच्या रुग्णालयात भरलेल्या खाटा आहेत ६१०.

३१२ तास आधी. शनिवार, २१ सप्टेंबर.

पायदळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण शाळेतले काही जण ताप आणि अंगदुखी घेऊन येतात. त्यांना लगेच वेगळं ठेवलं जातं. डेव्हन्सची बातमी आलेली आहे, डॉक्टर सावध आहेत. रुग्ण दिसताच त्याला वेगळं काढायचं, हा नियम ग्रँटने पहिल्या तासापासून पाळला.

उशीर त्याआधीच झाला होता. इन्फ्लुएंझाचा विषाणू शरीरात शिरल्यावर ताप यायला साधारण दोन दिवस लागतात, कधी एक, कधी चार. आणि ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून माणूस रोग पसरवू लागतो. शनिवारी जे दाखल झाले ते शुक्रवारी चालत-बोलत होते, रांगेत जेवत होते, शेजाऱ्याच्या तोंडाशी तोंड करून झोपले होते. वेगळं ठेवलं गेलं ते आजाऱ्यांना. ज्यांना त्यांनी लागण केली होती, ते बराकींतच राहिले.

विषाणू हा शब्दही इथे नंतरचा आहे. १९१८ मध्ये बहुतेक डॉक्टर फायफर यांच्या नावाचा एक जिवाणू शोधत होते. इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसाच्या घशातून वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये, लंडनला.

२८८ तास आधी. रविवार, २२ सप्टेंबर, मध्यरात्र.

दाखल : १०८. सगळे त्या प्रशिक्षण शाळेतले आणि तिच्या शेजारच्या तुकडीतले. प्रत्येकाच्या तोंडावर गॉझ. अजून रोग एका कोपऱ्यात आहे, असं नकाशाकडे पाहून म्हणता येत होतं.

२६४ तास आधी. सोमवार, २३ सप्टेंबर.

ग्रँटमध्ये नवे दाखल : १९४.

त्याच दिवशी वेल्च कॅम्प डेव्हन्सला पोचतात. सोबत व्हिक्टर व्हॉन आणि रूफस कोल, दोघेही नामांकित. रुग्णालय १,२०० जणांसाठी बांधलेलं आहे. आत सहा हजारांवर रुग्ण आहेत. दोनशे परिचारिकांपैकी सत्तर स्वतः खाटेवर आहेत. त्या एका दिवसात ६३ जवान मरतात. शवागारात प्रेतं ओळीने ठेवायला जागा उरलेली नाही. शवविच्छेदनात फुप्फुसं उघडली तेव्हा वेल्च यांनी, हा काहीतरी नव्याच प्रकारचा संसर्ग किंवा प्लेग असावा, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते तेव्हा ६८ वर्षांचे होते आणि प्लेग म्हणजे काय हे जाणत होते.

रुग्णालयं ताबडतोब वाढवा आणि जवानांची हलवाहलव थांबवा, असा निरोप वॉशिंग्टनला जातो.

२४० तास आधी. मंगळवार, २४ सप्टेंबर.

दाखल : ३७१. आता रुग्ण छावणीच्या निरनिराळ्या भागांतून येत आहेत.

२१६ तास आधी. बुधवार, २५ सप्टेंबर.

दाखल : ४९२. पहिला मृत्यू. पहिला रुग्ण येऊन चार दिवस झाले आहेत.

फक्त एक मृत्यू. कागदावर हा आकडा धीर देणारा दिसतो. पण या साथीत बहुतेक माणसं फ्लूच्या तापाने थेट मरत नव्हती. फ्लू श्वासनलिकेचं अस्तर खरवडून टाकत असे आणि त्या वाटेने घशातले नेहमीचे जिवाणू फुप्फुसांत उतरत. मग न्यूमोनिया. ताप चढल्यापासून मरणापर्यंत बऱ्याचदा आठवडा-दहा दिवस जात. म्हणजे मृत्यूचा आकडा रुग्णांच्या आकड्याच्या आठवडाभर मागे चालत होता, आणि रुग्णांचा आकडा लागणीच्या दोन दिवस मागे. कर्नलच्या टेबलावर रोज सकाळी येणारा अहवाल अचूक होता. तो कालच्या छावणीचा नव्हता, परवाच्या छावणीचा होता.

१९२ तास आधी. गुरुवार, २६ सप्टेंबर.

दाखल : ७११. मृत्यू आणखी दोन.

याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये प्रोव्होस्ट मार्शल जनरल ईनॉक क्राउडर पुढची लष्करभरती रद्द करतात. १,४२,००० तरुण छावण्यांकडे निघायचे होते, ते घरी राहिले. या सगळ्या घटनाक्रमात वेळेवर झालेला मोठा निर्णय मला हा एकच सापडतो.

छावणीत आधीच असलेल्यांची हलवाहलव मात्र पुरती थांबली नाही. ग्रँटमधून ३,१०८ जवान घेऊन एक रवानगी दक्षिणेकडे, जॉर्जियातल्या कॅम्प हॅनकॉकला झाली. निघाले तेव्हा साथ छावणीत शिरलेली होती. गाडीच्या डब्यात माणसं बराकीपेक्षाही जवळ बसतात आणि मधल्या स्टेशनावर चादर टांगता येत नाही. त्या ३,१०८ पैकी दोन हजारांवर जणांना पुढे रुग्णालयात दाखल करावं लागलं.

१६८ तास आधी. शुक्रवार, २७ सप्टेंबर.

हॅगाडॉर्न यांच्या सहीला सात दिवस झाले.

सुमारे सहा दिवसांत भरलेल्या खाटा ६१० वरून ४,१०२ झाल्या. या रुग्णालयाने एकाच वेळी सांभाळलेल्या रुग्णांची आजवरची सर्वांत मोठी संख्या याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास होती.

इथे थोडं थांबतो. ४,१०२ म्हणजे काय, हे खाटांच्या हिशेबात कळत नाही.

रुग्णवाहिका कमी पडल्या. खेचरं जुंपली. खेचरं दमून थांबली. चादरी संपल्या. रेड क्रॉसने शिकागोहून सहा हजार चादरी मागवल्या. खाटा मार्गिकांत आल्या, कोठारांत आल्या, व्हरांड्यांत आल्या. शेजारच्या बराकी रिकाम्या करून वॉर्ड केले. ज्या बराकींतल्या गर्दीने रुग्ण तयार केले, त्याच बराकी रुग्णालय झाल्या.

कॅप्स यांच्या तीन उपायांपैकी काय उरलं? मास्क होते. पण ओला झालेला गॉझ बदलायला हात हवेत आणि ते हात परिचारिकांचे होते. परिचारिका तापाने पडत होत्या. खाटांमधल्या चादरी अंथरायलाच अपुऱ्या, टांगणार कुठून? आणि गर्दी कमी करणं हा तिसरा उपाय. तो २० तारखेलाच गेला होता.

फ्लूवर औषध नव्हतं. न्यूमोनियावर पेनिसिलिन नव्हतं, ते १९२८ पर्यंत कुणाला माहीतही होणार नव्हतं. ॲस्पिरिन होतं, कापूरतेलाची इंजेक्शनं होती. खरा उपचार एकच : कुणीतरी खाटेजवळ येणं. पाणी पाजणं, उशी उंच करणं, भिजलेले कपडे बदलणं. चार हजार जणांना तासातासाला पाणी द्यायला किती माणसं लागतील, एवढा एकच हिशेब करून पाहावा.

आज कुठल्याही बऱ्या रुग्णालयात फ्लूच्या रुग्णासाठी कागदावर जे लिहिलेलं असतं, त्यातलं पुष्कळसं कॅप्स यांच्या लेखातलंच आहे. ताप-खोकला दिसताच दारातच मास्क. वेगळी खोली, नाहीतर खाटांमध्ये अंतर. त्यात भर पडली ती दरवर्षी कर्मचाऱ्यांना लस, हात धुणं, आणि लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध सुरू करणं यांची. हवेचं महत्त्व कळायला मात्र वेळ लागला. १९५७ च्या एशियन फ्लूच्या साथीत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथल्या रुग्णालयात एका इमारतीत वरची हवा अतिनील दिव्यांनी निर्जंतुक केली जात होती. तिथल्या २०९ रुग्णांपैकी ४ जणांना फ्लू झाला. दिवे नसलेल्या भागात ३९६ पैकी ७५ जणांना. खोकल्याचे मोठे थेंब हातभर अंतरावर पडतात. बारीक कण तरंगत राहतात, आणि टांगलेली चादर त्यांना अडवत नाही.

१४४ तास आधी. शनिवार, २८ सप्टेंबर. फिलाडेल्फिया.

युद्धकर्ज गोळा करण्यासाठी संचलन. रस्त्याच्या दुतर्फा सुमारे दोन लाख माणसं. काही डॉक्टरांनी ते रद्द करा म्हणून आर्जवं केली होती. सार्वजनिक आरोग्य विभागाचे प्रमुख विल्मर क्रूसेन यांनी ते होऊ दिलं.

७२ तास आधी. मंगळवार, १ ऑक्टोबर.

संचलनाला तीन दिवस झाले. फिलाडेल्फियातल्या ३१ रुग्णालयांत खाट शिल्लक नाही.

ग्रँटमध्ये न्यूमोनियाचे वॉर्ड भरत आहेत. रंग पाहून निदान होऊ लागलं आहे. गालांवर तपकिरी डाग उमटतात, मग ओठ आणि कान निळे होतात, मग निळेपणा चेहऱ्यावर पसरतो. तिथून क्वचितच कुणी मागे येत असे. दाखल झालेल्यांत बहुतेक विशी-तिशीतले आहेत. नेहमीच्या फ्लूत मरतात ती लहान मुलं आणि म्हातारी माणसं. इथे छावणीतली सर्वांत धडधाकट माणसं मरत होती.

२४ तास आधी. गुरुवार, ३ ऑक्टोबर.

फिलाडेल्फिया शाळा, चर्च आणि नाट्यगृहं बंद करतं.

उद्या ग्रँटमध्ये जे मरणार आहेत, ते सगळे आज जिवंत आहेत. बहुतेकांना लागण झाली ती २२ ते २६ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे छावणीत मृत्यू एकही नव्हता किंवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते तेव्हा.

शून्य तास. शुक्रवार, ४ ऑक्टोबर, मध्यरात्र.

आजारी : सुमारे पाच हजार. दिवसभरातले मृत्यू : शंभराहून अधिक.

४८ तासांनंतर. रविवार, ६ ऑक्टोबर. मुंबई.

जुलैमध्ये ओसरलेली साथ सप्टेंबरमध्ये मुंबईत परतली होती. या एका दिवसात शहरात ७६८ मृत्यूंची नोंद होते.

मुंबईत हुकूम काढून कुणी गर्दी केली नव्हती. ती चाळींत आणि झोपड्यांत रोजचीच होती. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग झालं होतं. डॉक्टरांतले पुष्कळ जण लष्करासोबत परदेशी होते. खाट मिळाली तर मिळाली. बहुतेक जण घरीच मेले. शहरातल्या इन्फ्लुएंझाच्या मृत्यूंचा दर पुढे समाजवार मांडला गेला. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. ज्यांना त्या नोंदींत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं होतं त्यांच्यात ६१.६. विषाणू सगळीकडे एकच होता. कॅप्स यांनी ज्याला गर्दी म्हटलं होतं, ती इथे कोण कुठे राहतो यावर वाटली गेली होती.

९६ तासांनंतर. मंगळवार, ८ ऑक्टोबर. कॅम्प ग्रँट.

एकूण मृत्यू पाचशेवर गेले आहेत. रुग्णालयाचे प्रमुख एच. सी. मिची यांच्याकडून आकडे रोज कर्नलकडे जात होते.

कर्नल हॅगाडॉर्न यांनी स्वतःच्या पिस्तुलाने आयुष्य संपवलं, हे या दिवशी छावणीला कळतं. त्यांच्या छावणीतल्या मृतांची संख्या पुढे एक हजाराच्या वर गेली. रुग्णालयात त्या दिवशीही खाटा व्हरांड्यात होत्या.